पीडीएफ काढली की शीट का बिघडते? बॉर्डर, स्केल आणि पानाच्या मापांचा शोध

ड्रॉइंग स्क्रीनवर व्यवस्थित दिसते: चारही बाजूंना बॉर्डर, उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक (नाव, क्रमांक, स्केल लिहिण्याची चौकट), व्ह्यूपोर्टला (शीटवर ड्रॉइंग दाखवणाऱ्या खिडकीला) स्केल दिलेला. पीडीएफ काढली की वरची आणि खालची बॉर्डर गायब. किंवा सगळे ड्रॉइंग पानाच्या एका कोपऱ्यात आक्रसून बसलेले. किंवा आडवे शीट उभ्या पानावर. मग घाईघाईत प्लॉटच्या, म्हणजे छपाईच्या, विंडोत दोन-तीन पर्याय बदलून बघायचे, कशीबशी एक बरी पीडीएफ काढून पाठवायची, आणि पुढच्या रिव्हिजनला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुन्हा पुन्हा तेच होण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. दुरुस्ती प्लॉटच्या विंडोत केली जाते आणि विंडो बंद होताच ती पुसली जाते. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या विंडोत खाली ‘अप्लाय टू लेआउट’ असे बटण आहे. ते न दाबता ओके केले तर त्या वेळची पीडीएफ बरोबर निघते, पण लेआउटच्या (छापायच्या शीटच्या) पेज सेटअपमध्ये, म्हणजे त्यासाठी साठवलेल्या कागद-स्केलच्या निवडीत, जुनीच मापे राहतात. उद्या दुसऱ्या कोणी तीच फाइल उघडून पब्लिश केली (सगळी शीट एकदम काढली) की जुना सेटअप वापरला जातो. त्यामुळे खालचा कोणताही उपाय करायचा तो पेज सेटअप मॅनेजरमध्ये जाऊन करा, प्लॉट विंडोत नाही.

बहुतेक उदाहरणे ऑटोकॅडची घेतली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे बदलतात, दुखणे तेच असते.

आधी पानाचे माप बघा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी बिघडलेली पीडीएफ उघडा आणि तिचे प्रॉपर्टीज बघा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबले की विंडो येते, त्यात पेज साइझ लिहिलेले असते. ए१ म्हणजे ८४१ × ५९४ मिमी, ए२ म्हणजे ५९४ × ४२०, ए३ म्हणजे ४२० × २९७. काही प्रोग्राम मिलिमीटरऐवजी पॉइंटमध्ये माप दाखवतात, कारण पीडीएफचे स्वतःचे एकक इंचाचा ७२ वा भाग हे आहे. त्या हिशोबाने ए१ हा २३८४ × १६८४, ए३ हा ११९१ × ८४२ आणि ए४ हा ८४२ × ५९५ असा दिसेल. आकडा ९१४ × ६१० मिमी निघाला तर तो ए१ नाहीच, तो अमेरिकी आर्च डी आहे. बाहेरून आलेल्या टेम्प्लेटवर काम सुरू केले की हा पाहुणा हमखास सापडतो.

दुसरी तपासणी लांबीची. प्रत्येक टायटल ब्लॉकमध्ये पेपर स्पेसमध्ये (लेआउटच्या कागदावर, व्ह्यूपोर्टच्या आत नव्हे) बरोबर १०० मिमी लांबीची एक बारीक रेघ कायमची काढून ठेवा, दोन्ही टोकांना छोट्या खुणा देऊन. पीडीएफ रीडरच्या मेजर टूलने ती मोजा. १०० भरली तर पीडीएफ निर्दोष आहे आणि कागदावर जे बिघडले ते छपाईच्या वेळी बिघडले. पीडीएफमध्येच ती ९४ भरली तर दोष ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि प्रिंटरची सेटिंग कितीही बदलली तरी काही हाती लागणार नाही. अर्धा दिवस चुकीच्या जागी घालवण्यापेक्षा ही मिनिटभराची मोजणी परवडते.

खरे तर एका शीटला चार मापे असतात: काढलेल्या बॉर्डरचे, पेज सेटअपमध्ये निवडलेल्या कागदाचे, पीडीएफच्या पानाचे आणि शेवटी हातात येणाऱ्या कागदाचे. मांडणी बिघडते तेव्हा या चारपैकी कुठल्या तरी दोघांचे जमलेले नसते.

बॉर्डरच्या दोनच बाजू कापल्या जातात

सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार हीच, आणि तिचे कारण समजले की बाकीच्या निम्म्या तक्रारीही समजतात.

‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ हा प्लॉटर निवडल्यावर कागदांच्या यादीत ए१ एकापेक्षा जास्त वेळा दिसतो. एक ‘आयएसओ ए१’, दुसरा ‘आयएसओ फुल ब्लीड ए१’. दोन्हींचे माप ८४१ × ५९४ असेच लिहिलेले असते, म्हणून जो आधी दिसला तो निवडला जातो. फरक आहे तो छापता येणाऱ्या भागात. साध्या ए१ मध्ये समोरासमोरच्या दोन कडांना सुमारे ५.८ मिमी आणि उरलेल्या दोन कडांना सुमारे १७.८ मिमी जागा छपाईबाहेर सोडलेली असते. खऱ्या प्लॉटरला कागद धरायला कड लागते, त्या हिशोबाची ही मार्जिन. पीडीएफला कागद धरायचा नसतो, तरी ती तशीच राहिली आहेत.

आता आयएसओ ५४५७ हे शीटच्या मांडणीचे मानक बघा. त्यात डावीकडे २० मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी सोडून बॉर्डर काढायची असते. १० मिमीवरची रेघ ५.८ मिमीच्या कडेला सुखरूप राहते आणि १७.८ मिमीच्या कडेला छापण्याच्या हद्दीबाहेर जाते. म्हणून चारही बाजू जात नाहीत, समोरासमोरच्या दोनच जातात. लेआउट टॅबवर कागदाच्या आत तुटक रेघांचा एक आयत दिसतो, तीच ही हद्द. बॉर्डर त्या आयताबाहेर असेल तर ती पीडीएफमध्ये येणार नाही, हे प्लॉट न करताही कळते.

या ठिकाणी लोक दोन पळवाटा काढतात. पहिली ‘फिट टू पेपर’. बॉर्डर पानात येते खरी, पण ५९४ मिमीचे शीट ५५८ मिमीत बसवल्यामुळे सगळे ९४ टक्के होते आणि टायटल ब्लॉकमध्ये १:१०० लिहिलेले ड्रॉइंग प्रत्यक्षात १:१०६ च्या आसपास जाते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच घातक. साइटवर कोणी स्केलपट्टी लावली की मग कळते. दुसरी पळवाट बॉर्डर आत ओढायची. त्याने स्केल बिघडत नाही, पण प्रत्येक शीटची बॉर्डर वेगळी होऊन बसते आणि सेट एकत्र लावला की विचित्र दिसतो.

सरळ उपाय फुल ब्लीड (कडेपर्यंत छापता येणारा) कागद निवडण्याचा. मात्र तो निवडल्यावर एक गंमत होते, आणि तिथे बरेच जण घाबरून मागे फिरतात: सगळे ड्रॉइंग खाली डावीकडे सरकल्यासारखे दिसते. कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये लेआउटचा शून्यबिंदू कागदाच्या कोपऱ्यावर नसतो, छापता येणाऱ्या भागाच्या कोपऱ्यावर असतो. मार्जिन शून्य झाल्या की तो बिंदू कागदाच्या कोपऱ्यावर जातो आणि ड्रॉइंग तेवढेच त्याच्यामागे. पेपर स्पेसमधले सगळे, व्ह्यूपोर्टसकट, एकत्र निवडून मूव्ह करा आणि बॉर्डर परत जागेवर आणा. व्ह्यूपोर्ट सरकवल्याने त्याचा स्केल बदलत नाही. हे टेम्प्लेटमध्ये एकदाच केले की संपले.

प्लॉटर कॉन्फिगरेशनमध्ये शिरून साध्या ए१ ची मार्जिनच शून्य करण्याचाही मार्ग आहे. तो मी सुचवणार नाही. तो बदल ड्रॉइंगमध्ये जात नाही, संगणकावरच्या वेगळ्या पीएमपी फाइलमध्ये साठवला जातो. त्यामुळे तुमच्याकडे ठीक आणि शेजारच्या टेबलावर कापलेले, असा घोळ होतो.

ड्रॉइंग कोपऱ्यात इवलेसे, बाकी पान पांढरे

प्लॉट एरियात ‘एक्स्टेंट्स’ निवडलेले आहे का ते बघा. एक्स्टेंट्स म्हणजे फाइलमधल्या सगळ्या वस्तूंना कवेत घेणारा आयत. कॉपी-पेस्ट करताना बॉर्डरपासून दूर कुठे एखादा पॉइंट, रिकामा टेक्स्ट किंवा जुन्या ब्लॉकचा तुकडा पडून राहिला असेल, तर तो आयत तिथपर्यंत ताणला जातो आणि खरे ड्रॉइंग एका कोपऱ्यात जाते. झूम एक्स्टेंट्स केले की लगेच दिसते. स्क्रीनवर ड्रॉइंग ठिपक्याएवढे झाले, तर भटकी वस्तू आहे. सगळे निवडून, शिफ्ट दाबून बॉर्डरच्या आतले निवडीतून काढा. उरेल ते बाहेरचे. ते पुसा.

पण मुळात लेआउटमधून पीडीएफ काढताना एक्स्टेंट्स वापरायचे कारण नाही. प्लॉट एरिया ‘लेआउट’, स्केल १:१, ऑफसेट शून्य. ‘विंडो’ही टाळा. विंडोचे कोपरे माउसने दिलेले असतात, ते ऑब्जेक्ट स्नॅपशिवाय दिले असतील तर कधी अर्धा मिलिमीटर इकडे, कधी तिकडे. त्यावर फिट लागला की प्रत्येक शीटचा स्केल थोडा वेगळा.

याच्या उलट तक्रारही येते: पानावर ड्रॉइंगचा एक प्रचंड मोठा कोपराच दिसतो. अशा वेळी स्केलच्या खालचे एकक बघा. पेपर स्पेस मिलिमीटरमध्ये काढला आहे आणि तिथे इंच निवडले आहेत, तर सगळे २५.४ पट मोठे होते. हा दोष ओळखायला सोपा आणि काढायलाही.

शीट आडवे, पान उभे

कागदांच्या यादीत ए१ (८४१ × ५९४) आणि ए१ (५९४ × ८४१) असे दोन्ही असतात. आडव्या शीटसाठी मोठा आकडा आधी असलेला कागद घ्या आणि ओरिएंटेशन लँडस्केप ठेवा.

यात एक आडवळण आहे. पीडीएफच्या पानाला त्याच्या मापाशिवाय ‘रोटेट’ अशी एक वेगळी नोंद असू शकते. पान मुळात उभे असते, पण ती नोंद वाचून रीडर ते आडवे करून दाखवतो. नंतर शिक्का, वॉटरमार्क किंवा पान क्रमांक टाकणारे एखादे साधन ती नोंद नीट वाचत नाही आणि शिक्का आडवा पडतो. ड्रॉइंग बरोबर आणि फक्त शिक्का फिरलेला दिसत असेल तर कारण इथे शोधा. पीडीएफ रीडरमध्ये पान फिरवून सेव्ह करणे हा त्यावरचा उपाय नाही, उलट त्यानेच ही नोंद तयार होते. परत सॉफ्टवेअरमध्ये जा आणि कागद योग्य निवडून नव्याने काढा.

स्केल आपोआप बदलतो

पान बरोबर, बॉर्डर बरोबर, १०० मिमीची रेघ १०० मिमी, तरीही प्लॅनमधली मापे स्केलपट्टीशी जुळत नाहीत? मग व्ह्यूपोर्ट हललेला आहे. व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून माउसचे चाक जरा फिरले की १:१०० चा स्केल वाटेल तो होतो, आणि नजरेला फरक कळतही नाही. व्ह्यूपोर्ट निवडून स्केल पुन्हा द्या आणि ‘डिस्प्ले लॉक्ड’ला यस करा. लॉक न केलेला व्ह्यूपोर्ट ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल बाहेर पाठवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

तुटक रेषा एका व्ह्यूपोर्टमध्ये नीट आणि दुसऱ्यात सलग दिसत असतील तर पीएसएलटीस्केल हे व्हेरिएबल १ आहे का बघा आणि रीजन (ड्रॉइंग स्क्रीनवर नव्याने रेखाटण्याची कमांड) करा. व्ह्यूपोर्टची चौकटच छापली जात असेल तर तिच्यासाठी वेगळी लेयर करून त्या लेयरचा प्लॉट बंद करा. डेफपॉइंट्स लेयरवर टाकूनही काम होते, कारण ती कधीच छापली जात नाही. पण मग एक दिवस कोणीतरी त्याच लेयरवर चुकून भिंती काढतो आणि त्या पीडीएफमध्ये का येत नाहीत म्हणून सगळे डोके धरून बसतात. चित्रांच्या किंवा वाइपआउटच्या (मागचे झाकणाऱ्या कोऱ्या पट्टीच्या) चौकटी छापल्या जात असतील तर फ्रेम हे व्हेरिएबल २ करा. स्क्रीनवर दिसतील, पीडीएफमध्ये नाही.

मजकूर चौकटीबाहेर सांडतो

टायटल ब्लॉकमधले नाव रकान्याबाहेर गेले की बहुधा फॉन्ट बदललेला असतो. ज्या संगणकावर मूळ फॉन्ट नाही तिथे सॉफ्टवेअर दुसरा लावते, त्याची अक्षरे रुंद असली की ओळ लांबते. देवनागरीत हा त्रास दुप्पट आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. पीडीएफमध्ये फॉन्ट भरून पाठवला तर वाचणाऱ्याची अडचण मिटते, पण पीडीएफ काढणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट असायलाच हवा. टायटल ब्लॉक एकदाच बसून मंगल किंवा निर्मला यूआयसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये करून घेणे शहाणपणाचे. अगदीच नाइलाज असेल तर पीडीएफच्या पर्यायांत सगळा मजकूर भूमितीत बदलण्याची सोय आहे. त्याने दिसायला जसेच्या तसे राहते, मात्र शोधता येत नाही आणि फाइल जड होते.

मजकुरावर चौकोनी पेट्या आणि बाजूला शेकडो कॉमेंट्स दिसत असतील तर तो मांडणीचा दोष नाही. एसएचएक्स या ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टची अक्षरे पीडीएफमध्ये नुसत्या रेघा म्हणून जातात, ती शोधता यावीत म्हणून ऑटोकॅड कॉमेंट जोडते. पीडीएफएसएचएक्स हे व्हेरिएबल ० करून पुन्हा काढा.

संपूर्ण सेट काढताना

पब्लिश करताना प्रत्येक लेआउट आपापला पेज सेटअप वापरतो. वीस शीटपैकी एक जुन्या प्रकल्पातून उचललेले असेल आणि त्याचा कागद ए२ असेल, तर सेटमध्ये तेवढेच पान लहान येते. त्यासाठी एका चांगल्या फाइलमध्ये पेज सेटअपला नाव देऊन साठवा आणि पीसेटअपइन या कमांडने बाकीच्या फाइलींमध्ये आणा. पब्लिशच्या यादीतही सगळ्या शीटना निवडून एकच नावाचा सेटअप लावता येतो. नाव ठेवताना ‘नवीन’, ‘फायनल’ अशी ठेवू नका. कागद, प्लॉटर आणि रंगीत की काळे-पांढरे एवढे नावात असले की बस.

दुसऱ्याच्या संगणकावर सेटअप मोडतो त्याचे कारण वेगळे. पेज सेटअपमध्ये प्लॉटरच्या पीसी३ फाइलचे आणि रेषांच्या सीटीबी फाइलचे फक्त नाव असते, त्या फाइली ड्रॉइंगसोबत जात नाहीत. प्लॉटर सापडला नाही की ऑटोकॅड ‘नन’ धरते आणि कागदाच्या निवडीचा भरवसा राहत नाही. सीटीबी सापडली नाही की पान बरोबर पण रेषांची जाडी गेलेली. ई-ट्रान्समिट (ड्रॉइंग आणि सोबतच्या फाइली एकत्र बांधून पाठवण्याची सोय) करताना या फाइली सोबत घेण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये

रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून पीडीएफ एक्स्पोर्ट अंगचाच आहे. तिथे ‘यूज शीट साइझ’ आणि झूम १०० टक्के ठेवा. तरी पानाचे माप विचित्र येत असेल तर टायटल ब्लॉकची फॅमिली, म्हणजे त्याची मूळ फाइल, उघडा. चौकटीबाहेर राहिलेली एखादी रेघ किंवा लेबल शीटचे माप वाढवते. सावल्या किंवा रिअलिस्टिक व्ह्यू शीटवर असला की तो भाग चित्र म्हणून जातो आणि धूसर होतो, तेव्हा मांडणीला दोष देऊ नका.

फ्रीकॅडच्या टेकड्रॉमध्ये (शीट काढण्याच्या भागात) पानाचे माप एसव्हीजी टेम्प्लेटमधून येते. स्वतः बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे ना आणि व्ह्यूबॉक्सचे आकडे तिच्याशी जुळतात ना, एवढेच बघा.

इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.९२ या आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरले जातात. त्याआधीची फाइल रूपांतर न करता वापरली तर १०० मिमीची रेघ ९३.७५ भरते. गंमत अशी की ए४ पान लेटर या अमेरिकी कागदावर बसवले तरी ते जवळपास ९४ टक्केच होते. कागदावर पट्टी ठेवून या दोन दोषांतला फरक कळणार नाही. पीडीएफमध्ये मोजले तरच कळेल.

आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा प्रिंटर मोठ्या शीटसाठी वापरू नका. त्याच्या यादीत ए३, ए४ आहेत, ए१ नाही. मोठे शीट गुपचूप लहान पानावर बसवले जाते. सॉफ्टवेअरचा स्वतःचा एक्स्पोर्ट असेल तर तोच वापरा.

रस्त्याचे किंवा कालव्याचे लांबलचक प्रोफाइल एकाच पानावर काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पीडीएफच्या नेहमीच्या एककात ॲक्रोबॅटसाठी पानाची मर्यादा २०० इंच, म्हणजे ५.०८ मीटर आहे. त्याहून लांब पान काही प्रोग्राम उघडत नाहीत किंवा कापतात. अशा वेळी तुकडे करून मॅच लाइन (तुकडे जुळवण्याची रेघ) देणे बरे.

पीडीएफ बरोबर, कागद चुकीचा

छापताना ॲक्रोबॅटच्या विंडोत ‘फिट’ किंवा ‘श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस’ निवडलेले असते, तिथे ‘ॲक्चुअल साइझ’ करा. ए१ चे शीट मुद्दाम ए३ वर काढायचे असेल तर लांबी बरोबर निम्मी होते, १:१०० चे १:२०० होते. टायटल ब्लॉकमध्ये ‘ए१ वर १:१००, ए३ वर १:२००’ असे दोन्ही लिहून ठेवा. मात्र ए३ च्या प्रिंटरला स्वतःचे मार्जिन असते, त्यामुळे फिट केल्यावर निम्म्याहूनही थोडे कमी येते. नेमके ५० टक्के हवे असतील तर कस्टम स्केलमध्ये ५० लिहा आणि कडेची काही मिलिमीटर जातील हे मान्य करा. शीटची बॉर्डर १० मिमी आत असेल तर निम्मे केल्यावर ती ५ मिमीवर येते, म्हणजे प्रिंटरच्या मार्जिनच्या अगदी काठावर.

स्क्रीनवर काही रेषा जाड आणि काही बारीक दिसत असतील तर आधी ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘एन्हान्स थिन लाइन्स’ बंद करून बघा. बारीक रेषा ठळक करण्याच्या नादात तो पर्याय सारख्याच जाडीच्या रेषा वेगळ्या दाखवतो, कागदावर त्या नीट येतात.

सगळे तपासूनही एखादाच लेआउट हट्टाला पेटतो: कागद बदला, सेटअप बदला, तो जुन्याच मापावर परत जातो. त्याच्या मागे लागू नका. लेआउट टॅबवर राइट क्लिक करून ‘फ्रॉम टेम्प्लेट’ने नवा लेआउट आणा, जुन्यातले व्ह्यूपोर्ट आणि टीपा कंट्रोल-सीने कॉपी करून ‘पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स’ने त्याच जागी चिकटवा, प्रत्येक व्ह्यूपोर्टचा स्केल आणि लॉक पुन्हा बघा, बंद केलेल्या लेयर तशाच आहेत याची खात्री करा आणि जुना लेआउट काढून टाका. नव्याने पीडीएफ काढून १०० मिमीची रेघ मोजा.